पहिली फेरी कुठे?

एप्रिल महिन्यात जयंतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही जिवतीला गेलो होतो. भाषण सायंकाळी होते. दिवसभर पाहुण्याला कुठे बसवायचे, म्हणून मंडळाच्या मुलांनी आम्हांला सकाळीच मैदानावर नेले आणि एका पळसाच्या सावलीत खुर्ची टाकून दिली. दरवर्षी तेथे टेनिस बॉलचे क्रिकेट असते. या खेपेस मुलांनी फुटबॉलचे सामने ठेवले होते. ते पाहता पाहता भाषणाचे टिपण खिशातच राहिले.

ज्या वाचकांनी जिवती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. राजुरा मागे टाकून गडचांदूरला यायचे, आणि तेथून माणिकगडचा डोंगर चढायचा. वर पोहोचले की जिवती. चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाचा हा तालुका, पलीकडे तेलंगणा. कोलाम आणि गोंड हे येथले मूळचे. त्यांच्या शेजारी मराठवाड्यातून दुष्काळाच्या माराने, विशेषतः १९७२ च्या सुमारास आणि त्यापुढे, पोटासाठी वर चढून आलेल्या लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांत आपले लोक आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत. सीमेवरची १४ गावे तर अशी की त्यांच्यावर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितलेला. तेथल्या मुलाला शाळाही दोन राज्यांच्या दिसतात. अशा ठिकाणी सपाट मैदान मिळणे ही चैनच. त्या दिवशीचे मैदान एका अंगाला उतरते होते, आणि मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की वरच्या अंगाचा संघ आपोआप जोरात यायचा.

आठ संघ होते. गोल बांबूचे. चिठ्ठ्या एका स्टीलच्या तांब्यात टाकल्या आणि चौथीतल्या एका मुलीने त्या काढल्या. पहिल्याच चिठ्ठीत बाजारपेठेच्या पोरांचा संघ आणि एका कोलामगुड्याचा संघ समोरासमोर आले. बाजारपेठेच्या पोरांच्या जर्सीवर नाव, नंबर, दुकानाची जाहिरात. कोलामगुड्याच्या अकरा जणांत बूट चौघांच्या पायांत. आमच्या शेजारी बसलेल्या एका गुरुजींनी हसून सांगितले, ‘‘हा सामना लवकर आटोपेल.’’ सामना काही आटोपला नाही. गोल कोणाचाच होईना. शेवटी पेनल्टी झाल्या आणि बिनबुटाची पोरे जिंकली. पुढे उन्हे उतरल्यावर त्यांनी अंतिम सामनाही जिंकला, तोही सीमेवरच्या गावातून आलेल्या चांगल्या तगड्या संघाविरुद्ध.

बक्षीस आमच्या हस्ते दिले. करंडक, रोख रक्कम, हार. गुड्याचा कप्तान विशीतला असेल. करंडक काखेत धरून तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, ‘‘सर, याच्या पुढचा सामना कुठं असते?’’

आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. उत्तर सोपे होते : कुठेच नसतो. पण ते तोंडातून निघेना. तो पुढे म्हणाला, ‘‘आश्रमशाळेत होतो तवा चंद्रपूरला नेलं होतं खेळायला. आता कोणी नेत नाही.’’ त्या रात्री आम्ही भाषण केले, लोकांनी टाळ्या वाजविल्या. पण तो प्रश्न आमच्याबरोबर घाट उतरून आला. घरी येऊन आम्ही जुनी-नवी माहिती चाळली. ती आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम त्या मुलाचे बोलणे किती अचूक होते ते पाहा. शाळेतल्या फुटबॉलला आपल्याकडे शिडी आहे. १९६० पासून सुब्रतो कप नावाची शालेय स्पर्धा चालते. शाळेचा संघ खालून जिंकत जिंकत जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतो आणि शेवटी देशपातळीवर जातो. मुलींसाठीही तिच्यात स्वतंत्र गट आहे. जिवतीच्या आश्रमशाळेने सामने जिंकत नेले तर कागदावर तरी ती दिल्लीपर्यंत जाऊ शकते. मात्र ही शिडी सतरा वर्षांच्या आतल्यांची. मुलगा त्या वयापुढे गेला, शाळा सुटली, की शिडीही काढून घेतली जाते. पायांत बळ येण्याचे खरे वय तर त्यानंतरचे!

मग मोठ्यांचे काय? मोठ्यांसाठी देशात कप आहेत. जुने आहेत, नवेही आहेत. १८८८ साली सुरू झालेला ड्युरँड कप आहे. आपल्या मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप होता. तो या शतकाच्या तोंडाशी बंद पडला. पण त्याची एक गोष्ट जिवतीच्या मुलांना सांगावी अशी आहे.

१९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलीस या संघाने जिंकला. कोण होते हे लोक? पोलीस खात्यातले नोकर. ड्यूटी सांभाळून खेळणारे. आज ज्याला अर्धव्यावसायिक म्हणतात ते हेच : पोट नोकरीवर, जीव खेळावर. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम यांनी पुढे भारताच्या संघाला १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानावर नेले आणि १९६२ मध्ये जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले. २०२४ साली आलेला ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच आहे. आता गंमत अशी की, हा संघ मुंबईत कूपरेजच्या मैदानावर कप उचलीत होता तेव्हा जिवतीचा डोंगर हैदराबाद राज्यातच होता. राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. म्हणजे त्या डोंगरावरच्या आजोबांच्या राज्याचा संघ तो! हे त्या कप्तानाला सांगायचे आमच्याकडून राहून गेले.

मैदानावर पाण्याचा माठ घेऊन बसलेल्या एका मावशीने आम्हांला विचारले होते, ‘‘भाऊ, बॉल लाथाडून पोट भरते का?’’ घरोघरच्या आयांचा हा प्रश्न आहे आणि तो चुकीचा नाही. तिला उत्तर १९७७ चे आहे. त्या साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फेडरेशन कप हा नवा राष्ट्रीय कप सुरू केला. पहिल्याच वर्षी तो कोणी जिंकला असेल? बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्याच्या संघाने, आणि तोही कलकत्त्याच्या मोहन बागानला हरवून! टेलिफोन बनविणाऱ्या कारखान्याचा पगार घेणारी माणसे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या क्लबला भारी पडली. रेल्वे, बँका, पोलीस, मोठे कारखाने अशा ठिकाणी तेव्हा फुटबॉलच्या जोरावर नोकऱ्या मिळत. खेळणे थांबल्यावरही नोकरी राहत असे. मावशीचे समाधान यानेच झाले असते.

पुढे काळ पालटला. कारखान्यांनी संघ मोडले. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने फेडरेशन कप २००३ आणि २००५ मध्ये जिंकला, आणि २०१० मध्ये हा संघही बंद झाला. २०१४ पासून इंडियन सुपर लीग आली. पैसा आला, परदेशी खेळाडू आले, टीव्ही आला. फेडरेशन कप २०१७ मध्ये शेवटचा झाला आणि २०१८ मध्ये त्याच्या जागी सुपर कप हा नवा कोरा बाद पद्धतीचा कप आणला गेला.

या सुपर कपाकडे आम्ही आशेने पाहिले होते. वरच्या श्रीमंत लीगचे १० आणि आय-लीगचे १० असे वीस क्लब एका कपात आणले. वरच्या-खालच्यांची एकदाची गाठ पडणार, असे वाटले. पहिला अंतिम सामना भुवनेश्वरला झाला. बंगळूरूने ईस्ट बंगालला ४-१ ने हरविले. पण दुसऱ्याच वर्षी, २०१९ मध्ये, आय-लीगच्या अनेक क्लबांनी आपल्याला दुय्यम वागविले जाते अशी तक्रार करून अंग काढून घेतले. त्यानंतर तीन वर्षे कप झालाच नाही. २०२३ मध्ये तो केरळात पुन्हा सुरू झाला. २०२४ मध्ये ईस्ट बंगालने तो जिंकला. २०१९ आणि २०२५ मध्ये गोव्याच्या क्लबाने.

आता यात आमची तक्रार काय? तक्रार अशी की, त्या कपाचे दार दुसऱ्या मजल्यावर आहे. वरच्या दोन लीगमधले क्लब आत येतात आणि बाकीचा देश खाली अंगणात उभा राहून पाहतो. जिल्ह्याचा क्लब, तालुक्याचा क्लब, गुड्याचा संघ यांच्यासाठी पहिली फेरीच नाही. ड्युरँड कपात बाहेरचे संघ येतात, सैन्यदलांचे संघ येतात. २०२५ मध्ये तर बंगालचा डायमंड हार्बर हा अवघ्या तीन वर्षांचा क्लब ईस्ट बंगालला हरवून अंतिम सामन्यापर्यंत गेला (तेथे मात्र ६-१ असा सपाटून मार खाल्ला). पण तेथे यायचे तर बोलावणे यावे लागते. बोलावणे यजमानाच्या मर्जीवर. चिठ्ठी मात्र तांब्यात हात घालणाऱ्या चौथीतल्या मुलीच्याही मर्जीवर नसते. आपल्या समाजाला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पंगतीला बोलावणे येण्याची वाट आपल्या आजोबांनी पुष्कळ पाहिली आहे.

मुंबईच्या क्रिकेटचेच घ्या. तेथे हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे धर्मवार संघ असत. पळवणकर बाळू हा त्या काळचा सर्वांत मोठा गोलंदाज चांभार समाजातला. विकेटी त्याने काढाव्या आणि हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद मात्र त्याला मिळू नये, असे घडले. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाला तोवर बाळूचे वय निघून गेले होते.

बाहेर देशी काय करतात? इंग्लंडचा एफ. ए. कप १८७१ मध्ये सुरू झाला. आज त्यात दर मोसमाला सातशेवर क्लब उतरतात. गावचे संघ ऑगस्टपासून खेळू लागतात आणि लिव्हरपूल, आर्सेनल यांच्यासारखे बडे जानेवारीत, तिसऱ्या फेरीला येतात. गावच्या संघाने तोवर टिकाव धरला तर तो त्यांच्यासमोर उभा राहतो. सुरुवातीला हा कप साहेबलोकांचा होता. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना जादा वेळेत २-१ ने हरवून तो नेला. त्या संघात विणकर होते, सूत कातणारे होते, ओतकाम करणारा कामगार होता. लँकेशायरच्या ज्या गिरण्यांना अमेरिकेतल्या यादवीच्या दिवसांत आपल्या वऱ्हाडातून कापूस गेला त्याच मुलखातली ही माणसे. त्या दिवसापासून तो कप साहेबांकडून कामगारांकडे गेला तो गेलाच.

फ्रान्समध्ये आणखी एक शहाणपण आहे. दोन किंवा अधिक पायऱ्या खालचा संघ असेल तर सामना त्याच्या गावी होतो. बड्यांनी त्याच्या उतरत्या मैदानावर यायचे! २००० साली कॅले या बंदराच्या गावचा चौथ्या पायरीवरचा हौशी संघ तेथे अंतिम सामन्यापर्यंत गेला होता.

पण आम्हांला सर्वांत जवळची वाटली ती ऑस्ट्रेलियाची हकीकत. तेथे फुटबॉल रुजविला तो पोटासाठी गेलेल्या स्थलांतरितांनी. क्रोएशियाहून गेलेल्यांनी १९५८ मध्ये सिडनीत एक क्लब काढला, ग्रीकांनी मेलबर्नमध्ये आपले काढले. कारखान्यात दिवसभर राबायचे आणि रविवारी आपल्या भाषेत ओरडत सामना पाहायचा. २००५ मध्ये नवी श्रीमंत लीग आली तेव्हा या जुन्या क्लबांना बाहेर ठेवण्यात आले. २०१४ मध्ये तेथल्या महासंघाने नवा राष्ट्रीय कप काढला. तो सगळ्यांना खुला. पहिल्याच वर्षी सहाशेवर क्लब उतरले. चिठ्ठ्यांची रचनाही अशी की, उपान्त्य फेरीत निदान एक तरी अर्धव्यावसायिक क्लब असावाच. आणि २०२२ मध्ये तोच क्रोएशियनांचा क्लब, सिडनी युनायटेड ५८, अंतिम सामन्यात जाऊन उभा राहिला. तेथे २-० ने हरला, पण सतरा वर्षे बंद असलेले दार त्याने पायाने उघडले.

येथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण त्या अंतिम सामन्याच्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासींच्या वतीने स्वागताचा विधी चालू असताना त्याच क्लबाच्या काही प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, काहींनी नाझी सलाम ठोकले. क्लबाला दंड झाला. स्वतः बाहेर ठेवले गेलेले लोक आपल्याही आधीपासून त्या भूमीवर असलेल्यांना हुर्यो करतात! हे वाचताना आम्हांला जिवतीचे मैदान आठवले. तेथेही मूळचे कोलाम आहेत आणि आपण मागून गेलेले आहोत. त्या दिवशी गुड्याच्या संघाने पहिली पेनल्टी मारली तेव्हा आपल्याच वस्तीच्या बाजूने दोन-तीन पोरांनी त्यांच्या बोलीची नक्कल केली होती. मंडळाच्या अध्यक्षांनी उठून त्यांना मैदानाबाहेर काढले. मग सामना पुढे सुरू झाला. हे आम्ही लिहावे की नाही असा विचार केला, आणि लिहिले.

नागपूरकर म्हणतील, आमच्याकडे सुरुवात झालेली आहे. खरे आहे. २००१ मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळणारी झोपडपट्टीची मुले पाहिली आणि त्यांच्यासाठी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) आपल्यापैकी बहुतेकांनी सहकुटुंब पाहिला असेल. कोल्हापुरात तर पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरवून टाकतात. पण तेथली शिडीही जिल्ह्याच्या वेशीपाशी थांबते.

आणि खर्चाची सबब सांगू नये. बाद पद्धतीचा हिशेब शाळकरी पोरही करील. प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर जातो. म्हणून जितके संघ, त्याहून एक सामना कमी. चंद्रपूर जिल्ह्याचे १५ तालुके आणि गडचिरोलीचे १२, असे २७ संघ धरले तर साऱ्या जंगलपट्टीचा विजेता २६ सामन्यांत ठरतो. पहिल्या फेरीत ११ सामने, पाच संघांना पुढे चाल, आणि मग सोळा, आठ, चार, दोन. हेच सारे संघ साखळी पद्धतीने एकदाच एकमेकांशी खेळविले तर ३५१ सामने होतील. गरिबाला परवडणारी पद्धत हीच. तिच्यात एक दोष आहे तो आम्ही नाकारत नाही. हरला की गेला. जिवतीच्या संघाने मजुरी बुडवून चंद्रपूरला जायचे, दिवस मोडायचा, आणि एका सामन्यात परत यायचे, हा न्याय नव्हे. म्हणून पहिल्या फेऱ्या शेजारच्या तालुक्यात, आणि दूरचा संघ असेल तर त्याच्या गावी, हे फ्रान्सचे शहाणपण आपण घ्यावे.

कागदाचीही एक गोष्ट आहे, आणि ती आयांनी नीट वाचावी. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतले प्रावीण्य लागते. जयंतीच्या सामन्याचा करंडक कपाटात शोभतो, अर्जाला जोडता येत नाही. म्हणजे तो कोलामगुड्याचा कप्तान कितीही चांगला खेळला तरी, मान्यतेच्या पहिल्या फेरीत त्याचे नाव नाही तोवर, सरकारच्या लेखी तो खेळलेलाच नाही. क्लब नोंदवायचा तर वाट जिल्हा संघटनेतून वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आणि तेथून महासंघाकडे जाते. जिवतीच्या मंडळाने निदान ही पहिली नोंदणी करावी, असे आम्ही त्यांना पत्राने कळविले आहे. नाव वस्तीचे असावे की गुड्याचे, यावर तेथे वाद होईल. आमच्या मते तालुक्याचे असावे आणि कप्तान तोच राहावा.

मंडळाचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. अर्जाची माहिती काढायला दोन मुले चंद्रपूरला जाऊन आली आहेत. पुढच्या वर्षी मुलींचेही चार संघ करायचे ठरते आहे. त्या चौथीतल्या मुलीची मोठी बहीण त्यात आहे. पत्राच्या शेवटी लिहिले आहे की, सामन्यांचा चेंडू सध्या गुड्यावरच असतो, वस्तीची पोरे संध्याकाळी तिकडे खेळायला जातात, आणि चेंडू आता फाटत आला आहे, तरी नागपूरहून कोणी येणार असेल तर पाच नंबरचा एक घेऊन यावा.